हमीदचा पंप आणि माझी नळी

"मिस्त्री, हिनं परत दम सोडला बघा," व्यंकट ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं बस लामजन्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला घेतली.

सकाळचे साडेसात झाले होते. बसमध्ये निलंग्याहून निघालेली बावीस पोरं-पोरी होती. साडेनऊला लातुरात त्यांची मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती. उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बस बिरादार सरांच्या क्लासची. सरांनी आदल्या दिवशी गॅरेजवर येऊन मला बजावलं होतं, "मिस्त्री, उद्या तुम्ही स्वतः बसमध्ये बसा. पोरांचं वर्ष आहे." दुसरी मोठी गाडी मिळत नव्हती. परीक्षेसाठी लागतील तेवढ्या गाड्या बाकीच्या क्लासवाल्यांनी आधीच धरून ठेवल्या होत्या. म्हणून मी हत्यारांची पिशवी घेऊन व्यंकटच्या शेजारी बसलो होतो.

मी तेव्हा लातुरात औसा रोडला डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवायचो. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. जिकडं तिकडं क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. कुठकुठल्या जिल्ह्यांतून पोरं शिकायला येऊन राहायची, आणि त्यांना आणायला-सोडायला जुन्या गाड्या लागायच्या. ही बस त्यातलीच. भूकंपाच्या वेळी मदत घेऊन आलेल्या एका संस्थेनं ती आणली होती. पत्रे, घोंगड्या, डॉक्टर, सगळं तिनं वाहिलं. संस्था परत गेली तेव्हा गाडी इथंच विकली. सरांच्या हाती लागली तेव्हा ती चांगलीच म्हातारी झाली होती.

तिची तक्रार एकच. सपाट रस्त्यावर नीट चालायची. चढ लागला, भार पडला, की इंजिन धापा टाकायचं आणि बंद पडायचं. दहा मिनिटं उभी केली आणि हँड प्रायमर मारला, म्हणजे हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप दाबला, की परत चालू. दीड महिना हेच चाललं होतं.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल टाकीत असतं. तिथून फीड पंप ते ओढतो आणि फिल्टरमधून गाळून पुढे ढकलतो. पुढे मोठा इंजेक्शन पंप असतो. तो मोजून, जोरानं, प्रत्येक सिलिंडरला डिझेल देतो. टाकीपासून फिल्टरपर्यंतचं काम माझ्यासारख्या मिस्त्रीचं. मोठा पंप खोलायला वेगळा माणूस आणि वेगळं मशीन लागतं. त्या मशीनला टेस्ट बेंच म्हणतात. पंप त्याच्यावर चढवला की किती डिझेल कुठं जातंय ते डोळ्यांनी दिसतं. तो बेंच हमीदकडे होता.

हमीद आणि मी नांदेडला एकाच उस्तादाकडे शिकलो. एका ताटात जेवलो. तो पंपाच्या टेबलावर बसायचा, मी गाडीखाली झोपायचो. उस्तादांनीच तसं ठरवलं होतं. "हमीद का हाथ हल्का है," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माझा हात जड आहे असं ते कधी म्हणाले नाहीत, पण मी ते ऐकलं. भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघं मिळेल त्या गाडीनं इकडं आलो. मदतीच्या गाड्या धुळीनं चोंदून बंद पडायच्या. महिनाभर आम्ही त्या दुरुस्त केल्या. मी चिखलात, गाडीखाली. हमीद खुर्चीवर, पंप मांडीवर घेऊन. जाताना त्या संस्थेच्या साहेबानं आपल्या वर्कशॉपचा जुना टेस्ट बेंच हमीदला देऊन टाकला. मला शाबासकी आणि एक ब्लँकेट मिळालं.

ते ब्लँकेट मी घरी नेलं नाही. फाडून हात पुसायला वापरलं.

हमीदनं लातुरातच दुकान टाकलं. मग मीही लातुरातच टाकलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्याचं दुकान माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर. समोर उदगीर, निलंग्याच्या गाड्या उभ्या असायच्या, कधी कधी थेट धर्माबादच्याही. सकाळी शटर उघडायला जाताना मी त्या मोजायचो. कमी दिसल्या की त्या दिवशीचा चहा गोड लागायचा.

बिरादार सरांच्या बसचा पंप हमीदनंच पूर्ण खोलून ओव्हरहॉल केला होता. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी बस बंद पडायला लागली आणि सर तिला माझ्याकडे घेऊन आले. मी बॉनेट उघडलं, फिल्टर बदलला, फीड पंपाचे वॉशर बदलले. आणि म्हणालो, "सर, माझं काम झालं. पण खरं सांगू का? पंप ढिला हाय. ओव्हरहॉल नीट झालेलं न्हाई."

"हमीदभाईंनी केलंय हो ते," सर म्हणाले.

"म्हणूनच बोलत नव्हतो. दोस्त हाय माझा."

हे बोलताना मला किती बरं वाटलं, ते अजून आठवतं.

सरांनी पंप काढून हमीदकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी हमीद स्वतः तो घेऊन माझ्या गॅरेजवर आला.

"गौतम, बेंचवर लावून बघितला. सगळ्या लाइनला सारखं डिझेल येऊन राहिलं. पंपात काही न्हाई. तू मागून बघ, टाकीकडून."

"बघितलंय सगळं."

"डबा लावून बघितलास?"

डबा लावणं ही आमच्या धंद्यातली पहिली तपासणी. टाकीचं कनेक्शन काढायचं, स्वच्छ डिझेलचा डबा घ्यायचा, त्यातून थेट फीड पंपाला नळी जोडायची आणि गाडी पळवायची. डब्यावर नीट पळाली तर दोष मागे, टाकीत नाहीतर पाइपात. तरीही बंद पडली तर दोष पुढे. अर्ध्या तासाचं काम. नवशिक्यालाही येतं.

"लावला की," मी म्हणालो.

लावला नव्हता. डबा लावला असता आणि गाडी नीट पळाली असती, तर पंप दोषातून सुटला असता. मला तो सोडायचा नव्हता.

हमीदनं पंप माझ्या टेबलावर ठेवला. "मग मला समजून न्हाई राहिलं," म्हणाला आणि गेला.

मी मात्र बोलत राहिलो. सरांना सांगितलं, पंपच नवा टाका. सरांच्या आणखी दोन जीपगाड्या होत्या. त्यांचे पंप सरांनी हमीदकडे न पाठवता सोलापूरला पाठवले. स्टँडवर ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगू लागले की हमीदभाईचं पहिल्यासारखं राहिलं नाही. त्याच्या दुकानासमोरच्या गाड्या खरंच कमी झाल्या. मी रोज मोजत होतोच.

तर, लामजन्याच्या अलीकडे बस उभी होती. मी प्रायमर मारला, बस चालू झाली. दीड-दोन किलोमीटर गेली, छोटा चढ लागला आणि परत बंद. आठ वाजायला आले. पोरं खाली उतरली.  एक मुलगी हॉल तिकीट छातीशी धरून माझ्याजवळ आली. "काका, पोचू ना आपण?"

"पोचू की," मी म्हणालो.

व्यंकट माझ्या कानाशी लागला. "मिस्त्री, म्या सायकलवाल्याला धरून गावात जातो, हमीदभाईला फोन लावतो. ते जीप घेऊन येतील."

"कशाला? त्याचाच तर पंप हाय!" मी खवळलो.

"मग तुम्ही करा काय करायचं ते. नऊ वाजंस्तोवर लातूर दिसलं पायजे."

करण्यासारखं एकच उरलं होतं. व्यंकट गाडीत दहा लिटर डिझेलचा कॅन ठेवायचा. माझ्या पिशवीत पारदर्शक नळी होती. टाकीकडून येणारा पाइप मी फीड पंपावरून काढला, नळी जोडली आणि दुसरं टोक कॅनमध्ये घातलं. कॅन घेऊन इंजिनच्या झाकणाशेजारी बसलो. नळीतली हवा काढली. "सेल्फ मार," म्हणालो.

बस चालू झाली. व्यंकटनं गियर टाकले. नळीतून डिझेल एका धारेत जात होतं, एक बुडबुडा नाही. चढ आला. इंजिननं धापा टाकल्या नाहीत. व्यंकटनं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. बस बावीस पोरांना घेऊन चढ चढली, मागच्या सीटवरून पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंप उत्तम होता. दीड महिना मी ज्याला नावं ठेवली तो पंप तरण्या घोड्यासारखा ओढत होता.

औसा मागे पडलं. मी कॅन धरून बसलो होतो आणि लातूर यावं की येऊ नये, हेच मला कळत नव्हतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही परीक्षेच्या गेटवर पोचलो. पोरं पळत आत गेली. बिरादार सरांनी सगळ्या पालकांसमोर माझा हात धरला. "हमीदचा बिघडलेला पंप असून या माणसानं गाडी आणली," ते म्हणाले.

मी मान डोलावली. ती डोलावलेली मान मला सगळ्यात जास्त खुपते.

दुपारी गॅरेजात बस दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली आणि टाकीपासून एकेक जोड उघडत आलो. टाकी स्वच्छ. लोखंडी पाइपात फुंकर मारली, मोकळा. टाकी आणि पाइप यांच्यामध्ये वीतभर रबरी नळी होती. बाहेरून नवी कोरी. ती ब्लेडनं उभी चिरली. आतलं अस्तर डिझेलनं फुगून सुटलं होतं. त्याचा पापुद्रा जिभेसारखा लोंबत होता. हळू ओढलं की डिझेल बाजूनं जायचं. इंजिननं जोरात ओढलं की पापुद्रा खेचला जाऊन भोक बंद. गाडी थांबली की तो परत सैल. म्हणून दहा मिनिटांनी चालू व्हायची.

ती पाण्याची नळी होती. डिझेलला ऑइलची वेगळी नळी लागते, साधं रबर डिझेल खाऊन टाकतं. आणि ही नळी बसवणारा मीच होतो. हमीदनं पंप केला त्याच आठवड्यात टाकीजवळ गळती निघाली होती. ऑइलची नळी मिळायची ती हमीदच्या शेजारच्या दुकानात. त्या दिवशी हमीदच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागली होती. ती रांग ओलांडून जायचं माझ्या जिवावर आलं. घरातली पाण्याची नळी कापली आणि लावून टाकली. नंतर विसरूनही गेलो.

योग्य नळी आणून बसवली. बस ठणठणीत झाली. तीन दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. मनात म्हणायचो, झालं की आता, पोरं पोचली, गाडी चालली. चौथ्या दिवशी व्यंकट चहा पिता पिता म्हणाला, "हमीदभाई बेंच विकून राहिले म्हणं. नांदेडचं गिऱ्हाईक येऊन बघून गेलं."

पाच वर्षं मला हेच पाहिजे होतं. बातमी कानावर आली आणि हातातला चहा मला पिववेना.

चिरलेली नळी खिशात घालून मी हमीदच्या दुकानात गेलो. रोज भेटला की तो आधी "जय भीम, गौतम" म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही. मी नळी टेबलावर ठेवली. त्यानं ती उलगडली, पापुद्र्यावरून बोट फिरवलं.

"पाण्याची हाय."

"हाव."

"कोणी लावली?"

"मीच."

"अन डबा?"

"तेव्हा लावला नव्हता. परीक्षेच्या दिवशी लावला."

त्यानं नळी माझ्याकडे परत सरकवली. मग शांतपणे म्हणाला, "मला कशाला सांगतो? पंप ठीक हाय हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग."

चहा विचारला नाही. मी तसाच उठलो.

बिरादार सर क्लासच्या ऑफिसात पेपर तपासत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गेटवर गप्प बसलो तेसुद्धा. सरांनी चष्मा काढला. ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, परीक्षा पोरांची होती हो." मग स्टँडवर जाऊन ड्रायव्हर लोकांना सांगितलं. तिथं काही हसले. एकानं शिवी दिली. व्यंकट खाली बघत बसला.

सरांनी तिन्ही गाड्या माझ्याकडून काढून घेतल्या. पंपाची कामं हमीदकडे परत गेली. बेंच विकला गेला नाही. माझ्याकडे सात-आठ महिने सायकलवर येणाऱ्या गप्पिष्टांशिवाय कोणी फिरकलं नाही. हमीद समोरून गेला तरी बोलायचा नाही, आणि त्याचं चुकत नव्हतं.

वर्षभरानं निलंग्याकडचा एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. म्हणाला, "हमीदभाईनं पाठवलंय. पंप न उघडताच म्हणले, याला मागून डिझेल येऊन न्हाई राहिलं, लाइनचं काम गौतमला जमतं." मी गाडीखाली गेलो आणि तिथंच थोडा वेळ पडून राहिलो. आनंद झाला असं म्हणायला पाहिजे. खरं म्हणजे आधी हेवाच वाटला. त्याच्या जागी मी असतो तर हे गिऱ्हाईक माझ्याकडून पुढे गेलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

ट्रॅक्टरच्या टाकीत गाळ होता, तो काढून दिला. त्याआधी डबा लावला. तेव्हापासून प्रत्येक गाडीला लावतो. आणि दुरुस्त केलेली गाडी परत आली, की मागच्या खेपेला आपण स्वतः काय बसवलं ते पहिल्यांदा उघडून बघतो. दुसऱ्यानं काय बसवलं ते त्यानंतर.