अजून एक शीट

अमडापूरहून चिखलीला जाणाऱ्या जीपचा तो ड्रायव्हर. नाव मी कधी विचारलं नाही; तो मला ताई म्हणतो, मी त्याला भाऊ. गाडी गच्च भरल्याशिवाय तो चावी फिरवत नाही. मांडीला मांडी चिकटली तरी खिडकीतून डोकावून म्हणतो, "सरका जराशा, अजून एक शीट बसते." मी समाजशास्त्रात पीएचडी करते हे कळल्यावर म्हणाला, "माणसायचा अभ्यास? मंग मधातच बसत जा."

गेल्या वर्षी माझी फेलोशिप संपली. चिखलीच्या कॉलेजात संशोधन सहायकाचं एकच पद निघालं होतं. ते हुकलं असतं तर प्रबंध गुंडाळून ठेवावा लागला असता. नेमकी मुलाखतीच्या सकाळी एसटी आली नाही आणि जीपमध्ये मी एकटीच. सारखी घड्याळ बघत होते.

"काऊन घाबरून राह्यल्या, ताई?"

मी सांगितलं. त्यानं सरळ चावी फिरवली आणि गाडी काढली. वाटेत फाट्याफाट्यावर लोक हात दाखवत होते आणि हा रिकाम्या जीपमधून ओरडत होता, "भरली हो, भरली! मागच्या गाडीनं या!"

ते पद मला मिळालं. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेले, तर गाडी ठासून भरलेली. कशीबशी आत बसले. पेढा तोंडात टाकून तो म्हणाला, "ताई, सरका जराशा."

एरवी सरकताना माझ्या कपाळाला आठी पडायची. त्या दिवशी मी सरकले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या मावशींना मीच हाक मारली, "या मावशी, अजून एक शीट बसते."