खाऱ्या पाण्याचे आकडे

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला आणि नाना विंगेतून दबक्या आवाजात म्हणाले, "कमी कर."

मी कागद पाहिला. चार नंबरची दोरी दोनच्या खुणेवर होती. कागदावरही दोनच लिहिलं होतं.

"नाना, दोनवरच आहे."

"स्टेजकडे बघ, दळवी. कागदाकडे नको."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबागच्या एका मिलमध्ये मी वायरमन होतो. खात्यात कपात झाली आणि चाळिशीनंतर घरी बसलो. घरात खाणारी पाच माणसं. गिरगावचे नाना नाटकांना लाइट पुरवत. ते थकले होते. सहा महिने त्यांनी मला केबली ओढायला लावलं, मग बोर्ड शिकवला. परळच्या कामगारांचा एक प्रयोग आला तेव्हा म्हणाले, हा निभावलास तर बोर्ड कायमचा तुझा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

आमचे डिमर, म्हणजे दिवे मंद करायची साधनं, खाऱ्या पाण्याचे होते. ड्रेनेजला वापरतात तसले मातीचे जाड नळ, कमरेएवढे उंच, तळ बंद केलेले, आत मिठाचं पाणी. एक पत्रा तळाशी, दुसरा वरून दोरीला टांगलेला. वरचा पत्रा खाली सोडला की दिवे उजळतात, वर खेचला की मंद होतात. असे सहा नळ. सहाही दोऱ्या पुलीवरून एका लाकडी बोर्डावर यायच्या. बोर्डावर शून्य ते दहा खुणा. कुठल्या प्रवेशाला कुठली दोरी किती आकड्यावर, ते तालमीत ठरवून लिहायचं. याला सीन बसवणं म्हणत. आकड्यांचं काम असल्यामुळे मला ते आवडलं.

लाइटची तालीम शनिवारी सकाळी सुरू झाली. नाटकात बापाचं काम करणारा सावंत साचेवाला, म्हणजे मिलमध्ये मागावर काम करणारा, होता. त्याची दुसरी पाळी, तीनच्या आत मिलच्या गेटवर हजर व्हायचं. त्याचं मुख्य काम तिसऱ्या अंकात, म्हणून आधी तिसरा अंक घेतला. गिरणगावात असंच चाले. ज्याची पाळी आधी, त्याचा अंक आधी. सावंत गेल्यावर पहिला आणि दुसरा अंक बसवला. प्रत्येक आकडा मी दोनदा तपासून शाईने लिहिला.

तिसऱ्या अंकात मोर्चावरच्या गोळीबारात मेलेल्या मुलाचं प्रेत घरी आणतात. प्रेत होणारा कामगार गुरुवारीच सत्याग्रहात पकडला गेला होता. त्याच्या जागी गोणीत वेस्ट कापूस भरून वर पांढरी चादर घातली. आईचं काम सरलाबाईंकडे होतं. रविवारी दुपारी, प्रयोगाआधी, त्या मला म्हणाल्या, "दळवीभाऊ, अंधार नीट ठेवा हं. नाहीतर बाई गोणीला कवटाळून रडतेय असं दिसायचं."

पहिला अंक सुरू झाला तो काळवंडलेलाच. मी आकडे पडताळले. सगळे बरोबर. आकडे बरोबर म्हणजे पाण्यात मीठ कमी, असा मी हिशेब केला. पहिल्या मध्यंतरात मेन स्विच बंद करून प्रत्येक नळात मूठभर मीठ टाकलं. कुणाला विचारलं नाही. दुसरा अंक झकास उजळला. मला बरं वाटलं.

आणि मग तिसरा अंक. दोनच्या खुणेवर सहाचा उजेड. चादरीखालचा गोणीचा चौकोनी कोपरा, त्यावर सुतळीची गाठ. सरलाबाईंनी गोणीवर अंग टाकून हंबरडा फोडला.

पिटातून कुणीतरी म्हणालं, "अरे, ह्यां तर पोतां!"

थिएटर हसलं. त्यात भोईवाड्याची माणसं होती, ज्यांनी त्याच वर्षी शेजारच्या घरातून प्रेत निघताना पाहिलं होतं. तीही हसली. मी घाबरून दोरी ओढली ती फार ओढली. पत्रा पाण्याबाहेर आला आणि पूर्ण काळोख झाला. हसू आणखी वाढलं. सरलाबाई काळोखात शेवटच्या वाक्यापर्यंत बोलत राहिल्या. एकही शब्द त्यांनी गाळला नाही.

पडदा पडला, मेन बंद झाला, तेव्हा मी नळाला हात लावला. चटका बसला. दोन तास वीज वाहिली की पाणी तापतं. तापलेल्या पाण्यातून वीज जास्त जाते आणि त्याच खुणेवर दिवा जास्त पेटतो. तिसऱ्या अंकाचे आकडे मी सकाळच्या थंड पाण्यावर घेतले होते, पहिल्याचे दुपारच्या गरम पाण्यावर. प्रयोगात सगळं उलटं झालं, पहिला अंक थंड पाण्यावर आणि तिसरा गरम पाण्यावर. वर माझं मीठ.

हे मी नानांना कागद दाखवून समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"पाणी तापतं हे मी तुला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण पहिल्या अंकात काळोख होता, तेव्हा मला विचारलं का नाहीस?"

"आकडे दोनदा तपासले होते, नाना."

"म्हणूनच विचारलं नाहीस."

सोमवारी त्यांनी बोर्डावर दुसरा माणूस घेतला. नाटक मंडळींनी तो प्रवेशच काढून टाकला. त्यानंतर सरलाबाई भोईवाड्यात एकदा समोरून आल्या. थांबल्या नाहीत. मी चिंचपोकळीला पंखे दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागलो, अजून तिथेच आहे.

आकडा लिहिताना तो कुठल्या वेळी घेतला तेही लिहावं, एवढं मी त्यातून शिकलो. पंख्यांच्या कामात त्याचा काही उपयोग होत नाही.