बाबांचे इअरमफ

माझ्या कानांचा मला फार गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. पंचवीस वर्षं मी घरी गाणं शिकवते. शेजारच्या कुकरची शिट्टी कोणत्या सुरात वाजते हे मला सांगता येतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. त्यामुळे माझी मुलगी कॉलेजच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायला लागली तेव्हा मी दोन महिने धुसफुसले. मग डिसेंबरात सिविल लाइंसमधल्या एका मैदानावर त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला आणि मी मुकाट्याने साडीला इस्त्री केली.

निघताना बाबांनी हाक मारली. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आमच्याकडेच राहतात. उभी नोकरी त्यांनी आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या एका संरक्षण कारखान्यात केली, तोफांच्या चाचणीवर. तोफ उडायची आणि हे शेजारी उभे असायचे. आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं. कानाचं यंत्र घेतलंय, ते कपाटात असतं.

"कानात कापूस घाल गं," बाबा म्हणाले. "थंडी आहे, अन् तिथे आवाजही राहीन. मी तोफेपाशी कापूसच घालत होतो."

ज्या माणसाला काही ऐकू येत नाही, त्याच्याकडून कान सांभाळायचा सल्ला घ्यावा का? मी घेतला.

मैदानावर बँडमधल्या मुलांनी मला अगदी हाताला धरून पुढे नेलं. "आंटीजी, आप तो घर की हैं, आगे बैठिए." पहिल्या रांगेत पांढऱ्या खोळीचा सोफा होता आणि त्याच्या बरोबर समोर माणसापेक्षा उंच स्पीकर. मानाची जागा! पहिल्याच ठोक्याला सोफा हलला आणि माझ्या पोटातले पोहेसुद्धा. गिटार कुठली, गाणारा काय म्हणतोय, काही कळेना. सगळ्याचा मिळून एक गोळा कानावर आदळत होता. उठावं तर मुलगी वरून बघत होती, आणि मानाच्या सोफ्यावरून उठून मागे जाऊन बसणं आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नाही. दीड तास बसले. वर हसतमुखाने बसले.

परतताना ऑटोवाला काय विचारत होता ते मला ऐकूच आलं नाही. कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. सकाळी उठले तरी होतीच. तंबोरा लावायला घेतला तर जोडीच्या तारा मिळाल्या की नाही ते कळेना. चौथ्यांदा खुंटी पिळली आणि हात थांबला. मी घाबरले. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी शिट्टी, मग सारखं "काय म्हणालीस?", मग गप्प बसणं. माझं गाणं त्यांनी पंधरा वर्षांत ऐकलेलं नाही. ते रोज संध्याकाळी क्लासमध्ये येऊन बसतात आणि मुलांची तोंडं हलताना बघतात.

घसा बसलाय असं खोटं सांगून मी क्लासला सुट्टी दिली. मुलीला लगेच संशय आला, आणि शिट्टीचं सांगावंच लागलं.

"आई, तू काहून बसली तिथे? मैं तो खुद प्लग लगाती हूँ!" तिने खिशातून एक डबी काढली. आत सिलिकॉनचे दोन छोटे प्लग. बाईसाहेब कानात हे घालून वाजवत होत्या, आणि मी समजत होते की हिला कशाची पर्वा नाही.

तिसऱ्या दिवशी तिने मला स्कूटरवर घालून नेपियर टाउनमधल्या क्लिनिकमध्ये नेलं. कान तपासणारी मुलगी तिच्याच वयाची. तिने मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पीं, पीं. आवाज बारीक होत गेले, अगदी धाग्याएवढे झाले, आणि मी दाबत राहिले. मध्येच लक्षात आलं की मी त्यांचे सूर ओळखत बसले होते. कानातली शिट्टी केव्हा थांबली होती कुणास ठाऊक.

"सब नॉर्मल है, आंटी," ती कागद दाखवत म्हणाली. मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. लाज वाटली नाही. "कान थक गए थे. इस बार लौट आए. हर बार लौटेंगे, जरूरी नहीं." मी कापूस घातला होता, असं सांगितल्यावर ती हसली. "रुई से हवा रुकती है आंटी, आवाज नहीं."

घरी आले तर फ्रिज घरघरत होता. त्या घरघरीला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्यात. त्या दिवशी त्याच्या दाराला टेकून पाच मिनिटं ती ऐकली. मग बाबांच्या कानाशी जाऊन ओरडले, "माझे कान चांगले आहेत! अन् कापसाने फक्त वारं अडतं!"

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. मग थोडा विचार केला, उठले आणि ट्रंकेतून एक पिशवी काढून आणली. आतले कान झाकणारे, जाड गाद्यांचे इअरमफ मी लगेच ओळखले. माझ्या लहानपणी दर थंडीत ते स्कूटरवर हेच घालायचे.

"कारखान्यात भेटले होते," बाबा म्हणाले. "तोफेपाशी घातले की पोरं हसत. साहेबाचा हुकूमही ऐकू येत नव्हता. मग स्कूटरवर घालत होतो, कानाला वारं लागू नये म्हणून."

म्हणजे तोफेसाठी कापूस आणि वाऱ्यासाठी इअरमफ, अख्खी नोकरी. मला आधी हसू फुटलं, मग मी ते इअरमफ त्यांच्या हातातून घेऊन पुसायला बसले.

महिन्याभराने बँडचा दुसरा कार्यक्रम झाला. बाबा हट्टाने आले. इअरमफच्या कडक झालेल्या गाद्या नातीने बदलून दिल्या होत्या. मुलांनी पुन्हा सोफा दाखवला. मी सरळ हात जोडले आणि मागे, आवाजाची बटणं फिरवणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. लेकीने आणून दिलेले प्लग घातले. आणि काय सांगू, सगळं सुटं झालं! गिटार वेगळी, गाणाऱ्याचे शब्द वेगळे, माझ्या लेकीचा प्रत्येक ठोका वेगळा. बेसवाला किंचित चढा वाजवत होता, तेही मी त्या माणसाला सांगून टाकलं.

शेजारी खुर्चीत बाबा बसले होते. डोक्यावर इअरमफ, बटणांच्या टेबलावर पालथा ठेवलेला हात. ड्रमचे ठोके त्या हातात येत असावेत, कारण बोटं ठेका धरत होती. दोन गाणी झाली. मग त्यांनी माझा दंड धरून मला खाली ओढलं आणि नेहमीसारखे ओरडून म्हणाले,

"हे वाऱ्यासाठी नव्हते गं!"

प्लग घालूनही मला ते स्पष्ट ऐकू आलं.