कॉफीच्या गिरणीला लागलेलं पाणी

कॉफी दळायचं ते यंत्र मी स्टीलच्या दोन डब्यांच्या बदल्यात घेतलं होतं, आणि त्यातल्या एका डब्याचं झाकण घट्ट बसत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सासरच्या माणसांनी ते कुणीतरी दया येऊन दिलं होतं असं पसरवलं. मला आजवर कुणी काही दयेने दिलेलं नाही.

सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. आम्ही एकलहऱ्याच्या कॉलनीत राहत होतो. नवरा वीजकेंद्रात कोळसा दळणाऱ्या गिरण्यांवर कामाला होता. आम्हाला मूल नव्हतं, हातात वेळ होता, म्हणून मी घरातूनच जुनं पितळ मोडीत घेऊन स्टीलची भांडी द्यायला सुरुवात केली होती. शेजारी एक कानडी कुटुंब होतं. त्यांच्या घरच्या कॉफीची माझ्या नवऱ्याला चटक लागली होती, आणि रोज दुसऱ्याच्या दारात कपासाठी जाणं मला पसंत नव्हतं. त्यांची बदली झाली तेव्हा मी डबे घेऊन गेले.

"तुम्ही चहावाले, तुम्हाला हे कशाला?" शेजारीण म्हणाली.

"तुम्ही डबे बघा. कशाला ते मी बघते."

बिडाचं यंत्र होतं ते. ओट्याच्या कडेला आवळून बसवायचं. वर नरसाळं, बाजूला दांडा, आत समोरासमोर दोन दातेरी चकत्या. नवरा त्याला गिरणीच म्हणायचा. "तिथली गिरणी फिरली की गावात दिवे लागतात, इथली फिरली की माझे डोळे उघडतात," हा त्याचा ठरलेला विनोद.

दर रविवारी तो ती उघडायचा. खाली वर्तमानपत्र पसरून एकेक भाग सुटेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. दाढीच्या जुन्या ब्रशने चकत्या झाडायच्या, दातांत अडकलेला चुरा काडीने काढायचा, मग कोरडे तांदूळ मूठभर दळायचे. कॉफीचं तेल चकत्यांना धरून राहतं आणि खवट होतं, ते तांदूळ ओढून घेतात. ते पीठ तपकिरी, चिकट निघायचं. पांढरं निघेपर्यंत तो दळत राहायचा. मी तांदळाच्या नावाने ओरडायचे. तो हसायचा. पाणी मात्र जवळ येऊ द्यायचा नाही. एकदा मी ओला फडका घेऊन पुढे झाले तर माझं मनगटच धरलं. "बिडाला पाणी म्हणजे संपलं. कोरडं ठेव, सात पिढ्या दळेल."

सगळं परत बसवलं की शेवटचा मळसूत्राचा खिळा. तो आवळला की चकत्या जवळ येतात, सैल केला की लांब जातात. तो डोळे मिटून, कान लावून आवळायचा. चकत्या एकमेकींना टेकल्या की बारीक कुजबुज ऐकू यायची. तिथून किंचित मागे. किती मागे, ते त्याच्या बोटांना माहीत. दळताना तो सुरुवातीला भरभर फिरवायचा, मध्ये थांबून नरसाळ्यावर तळहाताने दोनदा थापटायचा, आणि मग सावकाश. त्याची सकाळची पहिली पाळी असली की मला त्याच आवाजाने जाग यायची.

असंच एका सकाळी दळून, पिऊन तो कामावर गेला. दुपारी घरी आला, छातीत कळ आली, संध्याकाळी गेला.

सुतकात घरात चूल पेटत नव्हती. बायका येऊन बसायच्या, रडायच्या, मला रडायला लावायच्या. ओट्याच्या कडेला गिरणी तशीच होती. त्याने शेवटी फिरवलेला दांडा खाली झुकलेला. आत अर्धवट दळलेल्या बिया होत्या. बायका उठून गेल्या की मी नरसाळ्यात नाक घालून उभी राहायचे. त्याच्या अंगाला असायचा तोच वास. खिळाही त्याने लावला होता तिथेच होता. मी ठरवलं होतं, हिला कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या घरात त्याच्या हाताने जसं ठेवलं तसं राहिलेलं दुसरं काही नव्हतं. कपडे दिराने आधीच गाठोड्यात बांधले होते.

सासूबाई दिंडोरीकडच्या गावाहून आल्या होत्या. त्या आमच्या क्वार्टरवर पूर्वी कधी राहिल्याच नव्हत्या. कॉलनीत त्यांना करमायचं नाही. सणावाराला आम्हीच गावी जायचो.

दहाव्याला पुरुष रामकुंडावर गेले. पिंडाला कावळा शिवेना. दिराने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू. मग सांगितलं, शेत विकणार नाही. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. माझ्याबद्दल काही सांगावं असं कुणाला सुचलं नाही, आणि मला तर नेलंच नव्हतं. मी असते तर कपभर कॉफी ठेवली असती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला परतले.

दुसऱ्या दिवशी सुतक फिटलं म्हणून घर धुवायला काढलं. मी आत बायकांच्या घोळक्यात होते. मागच्या नळावर भांडी घासल्याचा आवाज येत होता. बाहेर आले तर गोणपाटावर, उन्हात, गिरणी. सुटी केलेली. राख आणि चिंच लावून घासलेली, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. सासूबाई चकत्या नळाखाली धरून चोळत होत्या.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉलनीतल्या घरांच्या तीन ओळींना ऐकू गेलं. दीर धावत आला. "वहिनी, लोखंडाच्या तुकड्यापायी आईला बोलता?" सासूबाईंनी नळ बंद केला. हात पुसले आणि संध्याकाळच्या गाडीने गावी गेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

आठवडाभरात चकत्यांवर लाल गंज चढला.

क्वार्टर सोडावं लागलं. मी नाशिकरोडला खोली घेतली, मग छोटं दुकान टाकलं. पितळ द्यायला आलेल्या बायका माझ्या तराजूकडे बघायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे. कोण अडलंय, कोण नुसतं भाव काढायला आलंय, ते मला उंबऱ्यातच कळायचं. धंदा चालला. दुकान मोठं झालं, त्यावर माळा झाला. गिरणी फडक्यात गुंडाळून बरोबर होती.

ऐंशीनंतर अंबडला कारखाने वाढले तसं मी ती घेऊन तिथल्या एका लेथवाल्याकडे गेले. त्याने चकत्या उलटसुलट केल्या. "मावशी, भंगारात टाका. मिक्सर घ्या एखादा."

"मिक्सर विचारायला मी तुझ्याकडे कशाला येऊ? नवे दात घालून देतोस की नाही?"

"देतो, पण वेळ लागेल. झिजल्यात. गंजानं खड्डे पडलेत."

"मग वेळ लाव. आणि पैसे सांगताना माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून सांगू नको, चकत्यांकडे बघून सांग."

"तुम्ही बसा तरी," तो हसत म्हणाला. "आधी चहा घ्या, मग भांडा."

त्याने काम चोख केलं. मी घरी येऊन तांदूळ दळले, पांढरे निघेपर्यंत दळले. बसस्टँडजवळच्या मद्रासी दुकानातून बिया आणल्या. मळसूत्र आवळलं, कुजबुज ऐकली, किंचित मागे घेतलं. कॉफी निघाली ती कडूजहर. अजून मागे घेतलं तर पाणचट. पुढची काही वर्षं मी हेच करत होते. रविवारी उघडायची, झाडायची, बसवायची, आवळायची, सैल करायची. कॉफी मला विशेष आवडते असंही नाही. मला तो आवाज हवा होता, आणि तो मला आठवत नव्हता. रोज झोपेत ऐकलेला आवाज होता. कान लावून ऐकावा असं कधी वाटलं नव्हतं. जिने तो पुसला तिला मी दर रविवारी मनातल्या मनात बोलायचे.

मग दिराचा निरोप आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला आहे, चार दिवस तुमच्याकडे राहू दे, आमच्या घरी माणूस नाही. शेत होतं तेव्हा माणसं होती. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तेही गावभर झालं असतं.

ऑपरेशन होऊन सासूबाई आल्या. वाळून गेल्या होत्या. डोळ्यांवर पट्टी, भिंतीला पाठ लावून बसायच्या. मी ताट वाढायचे, हात धरून न्यायचे, बोलायचे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीने दळायला घेतलं. दांडा दोनचारदा फिरला असेल, तोच मागून आवाज आला.

"आलास का रं बाळा?"

माझा हात थांबला. त्या उठून बसल्या होत्या, तोंड माझ्याकडे.

"मी आहे," मी म्हटलं.

त्या परत भिंतीला टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तसंच वाटलं गं. तिथं यायचा तो, सुतकात. तुझ्या त्या कॉलनीतल्या घरात. तुम्ही समद्या निजलेल्या असायच्या. मी जागी. पहाटं फिरवायचा."

"शेजारी कुणी मिरच्या दळत असेल, आत्याबाई."

"मिरच्या मला कळत नाय व्हय?"

मी गिऱ्हाईक पारखते तसं त्यांना पारखलं. आवाज कसा होता, विचारलं. त्या म्हणाल्या, आधी घाईनं, मग थांबायचा, दोन थापा मारायचा, मंग दमानं. त्यांनी भिंतीवर तळहाताने दोनदा थापटून दाखवलं.

त्यांनी त्याला दळताना कधीही पाहिलं नव्हतं. त्याचं ते थापटणं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"कावळा शिवंना, तवा मला कळलं," त्या म्हणाल्या. "त्याचा जीव त्या लोखंडात अडकला हाय. म्हणून धुतलं. चांगलं घासून धुतलं. मंग नाय आला." पट्टीखालून पाणी ओघळलं. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं.

मला दया यायला हवी होती. मला आला तो संताप. इतकी वर्षं वाटत होतं की हिने माझ्याकडून वास नेला. हिने तर माणूसच नेला होता. रोज येत होता, आणि मी पलीकडच्या खोलीत झोपले होते. एका शब्दाने उठवलं असतं तर?

"मला का नाही उठवलंत?"

"तू भ्याली असतीस."

"मी? मी भ्याले असते?"

त्यांनी पदराने गाल पुसले. मी तशीच उभी राहिले. मग दुसरं काही सुचेना म्हणून खिळा हातात धरला. "ऐका आता," मी म्हटलं. "मी फिरवते. त्याचा होता तसा आवाज आला की सांगा."

त्यांनी मान वाकडी करून कान पुढे केला. मी फिरवलं. "नाय, लय घट्ट." सैल केलं. "आता खडखडतंय." परत आवळलं. उजाडत आलं, रस्त्यावर दूधवाल्यांच्या सायकली वाजायला लागल्या. "जरा मागं घे. अजून. थोडं पुढं." आणि मग त्यांचा हात वर झाला. "हां. ह्योच."

मी फिरवत राहिले. बिया संपल्या तरी फिरवत राहिले. त्या नुसत्या हात वर धरून ऐकत होत्या.

कॉफी केली. पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवावा लागला. तीच होती. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कॉफी घेतली, तोंड वाकडं केलं आणि सगळी संपवली.

दोन दिवसांनी दीर येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी माझा हात शोधला. मी दिला, पण त्यांना माफ केलं असं म्हणाले नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

रविवारी मी गिरणी अजून उघडते. झाडते, तांदूळ दळते, खिळा फेऱ्या मोजून होता तिथेच आणते. मात्र हल्ली सगळी साफ करत नाही. चार बिया आत राहू देते, खवट झाल्या तरी. पहाटे मी आधी जागी होते आणि डोळे मिटून पडून राहते. आईकडे येत होतास, माझ्याकडे यायला काय झालं, असं त्याला मनात सुनावते. ओट्याकडून काही ऐकू येत नाही. मग मी उठते आणि दांडा धरते.