राक्षसाच्या छातीवरचा मीटर

ब्रह्मपुरीच्या त्या भंगारवाल्या भाऊंना आधी अख्खं नाटक सांगावं लागतं, मगच ते माल काढतात.

"राक्षस आखरीले मरते का?"

मी "मरतो" म्हटल्यावर त्यांनी बाहेर काढलेलं पितळी चक्र परत आत गेलं. "मरणाऱ्याले पितळ कायले? टिन ने."

सातवीत शाळा सोडून साताऱ्याहून आलेलो मी. वाफेवर चालणाऱ्या यंत्र-राक्षसाचा पोशाख मी संध्याकाळपर्यंत सजवला नाही, तर नाटक कंपनी मला घरी पाठवणार होती. माझा रडवेला चेहरा पाहून भाऊंनी स्वतःच्या स्कूटरचा मीटर उपटून दिला.

प्रयोगाला ते पहिल्या रांगेत. नायकानं तलवार उगारताच ओरडले, "छातीवर मारू नोको बे! मीटर माहा हाये!"

नायकानं घाबरून पायावर वार केला. राक्षस तरीही व्यवस्थित मेला आणि मी कंपनीत टिकलो.

मीटर परत घेताना भाऊ म्हणाले, "पुढच्या खेपेले जगणारा राक्षस आण. पितळ देतो."