दादा, जरा बाजूले व्हा

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकतो. दफ्तरात फाईल सापडली नाही की माझा आवाज चढतो, आणि डोंगरावर कॅमेऱ्यापुढं माणूस आला की त्याहून जास्त. आता कोणावर चढवू तो आवाज?

नऊ वर्षं आम्ही दोघं बहुतेक प्रत्येक रविवारी डोंगरावर जात होतो. मी आदिलाबादच्या सरकारी दफ्तरात क्लार्क, तो तिथलाच अटेंडर, म्हणजे शिपाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, जैनथकडच्या खेड्यातला. सगळे त्याला दादा म्हणत, मीही म्हणे. मला तो सार म्हणे. पोरवयात त्यानं गुडीहत्नूरच्या पुढच्या डोंगरात तेंदूपत्ता तोडला होता. कोणत्या नाल्यात कधीपर्यंत पाणी राहतं, सागाची पानं गळाली की कोणत्या कड्यावरून दरी मोकळी दिसते, सगळं त्याला तोंडपाठ. मला काय, नुसतं बटण दाबता येत होतं. नाव मात्र माझं झालं. लोक म्हणत, काय फोटो काढता हो!

माझा एक नियम होता आणि त्या नियमाचा मला लय माज होता. माझ्या डोंगरात माणूस नको. नुसता कडा, झाडं, आभाळ. गुराखी दिसला की दादा पुढं पळे आणि गोड बोलून त्याच्या म्हशी वळवायला लावी. फांदी आडवी आली की ती वाकवून धरी आणि माझं समाधान होईपर्यंत तसाच उभा राही. आणि चुकून तो स्वतःच मधे आला की मी ओरडायचो, "दादा, बाजूले व्हा! काऊन मधात येऊन राह्यले?"

"झालो सार, झालो," म्हणत तो हसत सरके. ज्या फोटोत त्याचं कोपर नाहीतर डोकं आलेलं असे, तो मी तिथंच, त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकत असे. कार्डात जागा लागते ना बाबा!

वर्षातून एखाद्या वेळी तो म्हणे, "सार, एखांदा माहा बी काढा ना. घरी दाखवतो." त्याच्याजवळ बटणाचा फोन, त्याला फोटोचं काय कळणार. मी म्हणे, "उतरताना काढू." सकाळचा कोवळा उजेड पाऊण तास टिकतो, तो काय माणसावर घालवायचा? उतरताना ऊन डोक्यावर आलेलं असे, तेव्हा मी म्हणे, "आता चेहऱ्यावर सावल्या पडतात दादा, पुढच्या टायमाले." तो मान हलवी आणि भाकरीचं फडकं सोडी. ज्वारीची भाकर, लाल मिरचीचा ठेचा. मोठा तुकडा मला देई. तिथं विषय संपे.

या वर्षी पळस फुलला तेव्हाची गोष्ट. बुधवारी दफ्तरातून निघताना तो म्हणाला, "ऐतवारी कड्यावर जाऊ सार. खालून सारं लालेलाल झालं." गुरुवारी साडेदहा वाजले तरी तो आला नाही. मी चिडलो. माझ्या टेबलावरची कागदांची मिसल त्याला साहेबांकडं आत न्यायची होती. अकराला फोन आला. जैनथच्या बसथांब्यावर बसल्या बसल्या त्यानं मान टाकली होती, डबा मांडीवर तसाच.

सांगणाऱ्यावरच मी खेकसलो. "काय बोलून राह्यले? शुद्धीवर हाये का तुमी?" काल या माणसाच्या हातचा चहा प्यायलो होतो मी! खुर्चीला धरून उभा राहिलो आणि बराच वेळ मला बसताच येईना.

दुसऱ्या दिवशी दादाच्या घरी भेटायला गेलो. त्याची बायको, आमच्या वयनी, ओट्यावर बसल्या होत्या. बेल्लमपल्लीला दिलेली त्यांची मुलगी बाजूला होती. येत्या रविवारी विहारात जलदानविधी ठरला होता. आमच्यात त्या दिवशी टेबलावर पांढरी चादर घालून गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, पुढं मेणबत्ती लावतात आणि एकेक जण येऊन फूल वाहतो.

वयनी म्हणाल्या, "सार, फोटो तुमीच द्या. घरी हायेत दोन-चार, पर सगळ्याइत ते परीक्षेले बसल्यावानी दिसतात. डोंगरावरून येत तवा लय हासत येत. मले तो चेहरा पाह्यजे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या, "ते सांगत ना मले. सार दर टायमाले माहा फोटो काढतात म्हने. मी म्हनो, दाखवा. तर म्हनत, सारजवळ हायेत, सार मोठे करून देनार हायेत."

कोणी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. नऊ वर्षं हा माणूस माझी अब्रू झाकत होता, आणि तेही स्वतःच्या बायकोपाशी! मी पुरता हबकलो. खरं सांगायचं सोडून माझ्या तोंडातून निघालं, "हाव, देतो."

घरी आलो आणि कॉम्प्युटरपुढं बसलो. शनिवारी रजा टाकली. हजारो फोटो होते. धुक्यातला कडा, नाल्यातले दगड, सागाची जाळीदार पानं, एकाच मोहाच्या झाडाचे तर चाळीस. दादा नाही. एका फोटोत त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक. एका खडकावर दोन सावल्या, त्यातली त्याची कोणती ते मलाही कळेना. पुसलेले फोटो परत आणतात म्हणे, म्हणून दुकानात धावलो. दुकानदार म्हणाला, "साब, इतना पुराना अब नहीं मिलेगा." तिथंच रस्त्यावर मला रडू आलं. मला माझी शिसारी आली. इतक्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, कॅमेरा चार बोटं डावीकडं वळवायला काय झालं होतं मला?

रविवारी सकाळी आमच्या आवडत्या कड्याचा एक मोठा फोटो फ्रेम करून विहारात गेलो. वयनींपुढं तो धरला आणि सगळं सांगून टाकलं. काढलाच नाही कधी. आले तेवढे पुसले. ते तुमाले खोटं सांगत होते, माझ्यासाठी.

मुलीचे डोळे एकदम पेटले. "नऊ वर्सं, सार? एक बी नाही?" घरून आणलेला दफ्तरातल्या ओळखपत्राचा फोटो तिनं माझ्याकडं न बघता टेबलावर ठेवायला घेतला. लोक येऊन बसले होते, सगळं ऐकू जात होतं. माझी मान वर होईना.

वयनींनी मुलीचा हात धरून तिला थांबवलं. माझ्या हातातली फ्रेम घेतली, पदरानं काच पुसली, चादरीवर मधोमध उभी केली.

"हा काढला तवा ते कुठं होते?"

मी फ्रेमच्या डाव्या कडेपासून चार बोटं सोडून कोऱ्या चादरीवर बोट टेकवलं. "इथं. फांदी धरून उभे होते. मीच म्हटलं होतं, बाजूले व्हा."

"हासून राह्यले होते?"

"हाव."

त्यांनी फोटोपुढची मेणबत्ती उचलली आणि माझं बोट होतं तिथं नेऊन उभी केली. मग लोक एकेक करून आले. फोटोपुढं कोणीच काही ठेवलं नाही, सगळ्यांनी फुलं त्या कोऱ्या जागेवर वाहिली.