चार क्रेडिटचं पोतं

मेश्राम काकाजींच्या हातात काहीही दिलं की ते आधी तळहातावर दोनदा झेलायचे. पेरू असो, नाहीतर आईने पाठवलेला भाजीचा डबा. "पावभर हाय, थोडं वरच," असं म्हणूनच ती वस्तू आत न्यायचे. उभा जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर वजनकाट्यापाशी गेलेला. माणूस निवृत्त झाला, हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. रायपूरच्या गुढियारी मोहल्ल्यात त्यांची आणि आमची भिंत एकच होती.

राज्य नवं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि गावाबाहेरच्या माळावर इंजिनियरिंग कॉलेजं उगवत होती. त्यातल्याच एकात मी दुसऱ्या वर्षाला होते. तीन सेमिस्टरची माझी सरासरी, म्हणजे पॉइंटर, दहापैकी ५.२. बाबांनी ते बावन्न टक्के समजून "चला, सेकंड क्लास!" म्हटलं आणि मी त्यांना तसंच समजू दिलं. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या तिसरं वर्ष संपल्यावर साडेसहाच्या खाली कुणाला बसूच देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. आणि मला नोकरीशिवाय दुसरं काही नको होतं.

गुणपत्रिका घेऊन मी पायरीवर बसले होते. काकाजींनी ती उचलली, अर्थातच झेलली. "कागद तं हलका हाय. तोंड काहून जड? अन् हे क्रेडिट म्हंजे काय व्हय?"

मी तेव्हा हिंदीतच उत्तरं द्यायची. "वजन समझो, काकाजी. मैथ्स का चार, वर्कशॉप का एक."

ते मोठ्याने हसले. "अवं पोट्टी, मंग तू थैल्या उचलून राहिली अन् पोतं धक्क्यावरच सोडून राहिली!"

खरंच होतं. वर्कशॉपची फाइल मी स्केचपेनने नटवून दहापैकी दहा मिळवत होते आणि गणितात चार. दीड वर्षात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"पण गणित काहून नाही करत?"

मी सरांना, बसला, वेळापत्रकाला, सगळ्यांना नावं ठेवली. ते "हव, हव" करत राहिले. शेवटी सांगितलं, की पहिल्याच महिन्यात शंका विचारली, वर्ग हसला, तेव्हापासून पुस्तक उघडलं नाही. मला रडू आलं. त्यांनी डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. "हसनारे पास होऊन गेले. मागं बसली कोन? तूच! उद्या सरांकडं जाय. म्हन, पहिल्या धड्यापासून येत नाही."

गेले. सरांनी उसासा टाकला, पण शिकवलं.

पुढे ६.८ आले, मग ७.६, मग ८.१. दर निकालाला काकाजी कॅलेंडरच्या पाठीवर स्वतः बेरीज मांडायचे आणि म्हणायचे, "चढून राहिलं, चढून राहिलं." सहा सेमिस्टरची सरासरी झाली ६.३५. यादीतून माझं नाव गळलं.

मी तडक त्यांच्या अंगणात गेले. "आप तो बोलते थे चढ़ रहा है!"

"चढतच होतं. पण साडेसहा होत नाही, हे मले मागच्याच निकालाले समजलं होतं. जुनी तीन पोती काट्यावरून उतरत नाहीत, बाई."

"फिर बताया काहे नहीं?"

"सांगितलं असतं तं हे आठ पॉइंट एक आनले असते का तुनं?"

मला इतका राग आला की महिनाभर मी त्या घराची पायरी चढले नाही.

पदवीनंतर एका लहान कंपनीत मुलाखत झाली. साहेबांनी पॉइंटर पाहून नाक मुरडलं. मी सेमिस्टरचे आकडे एकाखाली एक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांचं बोट वरून खाली हळूहळू गेलं. "सोमवार से आ जाइए," ते म्हणाले. काकाजींना सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं झालं" म्हणाले, आणि मीही माफी मागितली नाही. दोन वर्षांनी ते गेले.

आता मी स्वतःच कॉलेजात शिकवते आणि माझ्यासमोर मुलं गुणपत्रिका घेऊन बसतात. एखाद्याचं गणित मला बसताक्षणीच कळतं, की याला हवा तो आकडा गाठता येणार नाही. ते त्याला तेव्हाच सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.